विकत घेतलेला गेम कंपनी बंद करते तेव्हा

डिसेंबर २०१४ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' नावाचा मोटार शर्यतींचा गेम बाजारात आणला. त्यात अख्खी अमेरिका छोट्या प्रमाणात रचलेली होती. न्यूयॉर्कहून गाडी काढायची आणि शहरं, डोंगर, वाळवंट मागे टाकत थेट पश्चिम किनारा गाठायचा. मध्ये कुठेही 'लोडिंग'ची पाटी नाही. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला पाऊण तास सहज लागायचा, आणि शर्यती बाजूला ठेवून नुसतं भटकायला त्यात जाणारे पुष्कळ होते. कंपनीच्याच आकड्यांनुसार एक कोटीहून जास्त लोकांनी हा गेम खेळला.

डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर, म्हणजे गेम इंटरनेटवरून ज्यांना जोडला जायचा ते कंपनीचे कॉम्प्युटर, बंद झाले आणि त्या दिवसापासून तो कुणालाच खेळता येईना. ज्याने दुकानातून डबा आणला होता त्याला नाही, ज्याने ऑनलाइन पैसे भरले होते त्यालाही नाही. डिस्क घातली की गेम सर्व्हर शोधायचा, तो सापडायचा नाही, आणि तिथेच सगळं थांबायचं. त्यानंतर एप्रिलमध्ये अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाच काढून घेतला गेला. परतावा मिळाला तो फक्त अलीकडच्या काळात गेम घेतलेल्यांना.

ऑनलाइन गेम बंद होणं नवीन नाही. मग याच वेळी एवढा संताप का झाला? कारण 'द क्रू'मध्ये एकट्याने खेळायची सरळसोट कथा होती. त्यासाठी समोर दुसरा खेळाडू लागत नव्हता. तरीही एकट्याने, आपल्या खोलीत, आपल्या यंत्रावर खेळायलाही कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागे. इथे थोडं थांबून गेम नेमका राहतो कुठे, ते पाहू. सगळा वाद त्यावरच उभा आहे.

जुन्या गेममध्ये सगळं सामान सीडीवर असायचं. चित्रं, आवाज, नियम, शत्रूने कसं वागायचं त्याचा हिशोब, सगळं. एकदा इन्स्टॉल केलं की कंपनी बुडाली तरी गेमला त्याचा पत्ता लागत नसे. चौघांनी मिळून खेळायचं तर एक कॉम्प्युटर यजमान व्हायचा आणि बाकीचे त्याला जोडले जायचे. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये ज्यांनी तासाचे पैसे मोजून 'काउंटर-स्ट्राइक' खेळलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. कॅफेचं इंटरनेट गेलेलं असलं तरी लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या कॉम्प्युटरना आपसात जोडणाऱ्या तारांवर, खेळ रंगलेला असायचा, कारण सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचाच एक कॉम्प्युटर. 'क्वेक'सारख्या १९९६ च्या गेममध्ये तर सर्व्हर चालवायचा प्रोग्रॅम खेळाडूंच्या हातातच दिलेला होता. म्हणून तो आजही जोडीने खेळता येतो.

पुढे सर्व्हर कंपनीच्या ताब्यात गेला, आणि त्याला चांगली कारणंही होती. फसवेगिरी रोखता येते, बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधून देता येतो, खेळाडूची प्रगती सुरक्षित राहते. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट घडली. गेमचा मेंदू थोडा थोडा करून तुमच्या यंत्रातून उचलला गेला आणि कंपनीच्या यंत्रात जाऊन बसला. तुमच्या घरी राहिले ते रस्ते, गाड्या, झाडं यांची चित्रं आणि आवाज. गाडी कुठे आहे, पैसे किती जमले, पुढची शर्यत उघडली की नाही, हे तिकडे ठरू लागलं. धान्य आपल्या घरात आणि गिरणी दुसऱ्याच्या आवारात, असा हा प्रकार आहे. गिरणीला कुलूप लागलं की पोतंभर गहू घरात असूनही भाकरी-पोळी होत नाही. फरक एवढाच की गिरणी बंद पडली तर जातं वापरता येतं किंवा दुसरी गिरणी शोधता येते. इथे दुसरी गिरणी काढायची म्हटली तर तिची रचना कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी ती शोधून काढलीच तर कायदा आपल्या बाजूने आहे की नाही याची खात्री नाही.

आता दुसरी बाजू, कायद्याची. दुकानाच्या बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ज्या लांबलचक करारावर आपण न वाचता 'मान्य आहे' दाबतो, त्यात लिहिलेलं असतं की तुम्हाला गेम वापरायचा परवाना दिला आहे आणि तो काढूनही घेता येईल. छापील पुस्तकाचं असं नसतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन वापरलेली पुस्तकं विकणारी मुलं पिढ्यान् पिढ्या दिसतात. मजकुराचा हक्क लेखकाचा किंवा प्रकाशकाचा, पण हातातली प्रत तुमची. ती विका, भाच्याला द्या, रद्दीत घाला. प्रकाशक घरी येऊन ती उचलून नेऊ शकत नाही. गेमची डिस्क होती तोवर थोड्याफार प्रमाणात हेच लागू होतं. म्हणूनच वापरलेल्या डिस्कचा बाजार उभा राहिला. डाउनलोडच्या जमान्यात 'प्रत' ही गोष्टच विरघळली. हातात उरलं ते खात्यातलं एक नाव.

या शब्दांच्या खेळाला पहिला मोठा चाप कॅलिफोर्नियाने लावला. तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये कायद्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तू परवान्यावर देत असाल तर 'खरेदी' हा शब्द मोकळेपणाने वापरता येणार नाही, ग्राहकाला तसं स्पष्ट सांगावं लागेल, हा त्याचा गाभा. त्याच सुमारास स्टीम या पीसी गेमच्या सगळ्यात मोठ्या दुकानाने पैसे भरण्याच्या पानावर एक ओळ टाकली: ही खरेदी म्हणजे परवाना आहे. मला हा कायदा अर्धवट वाटतो. त्याने पाटी खरी केली, वस्तू तीच राहिली. तुम्हाला काय मिळणार नाही ते प्रामाणिकपणे सांगितलं, की जबाबदारी संपली. तरीही खोट्या पाटीपेक्षा खरी पाटी बरी, हे मान्यच करावं लागेल.

त्याच कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन खेळाडू 'द क्रू'वरून कोर्टात गेले. त्यांच्या वकिलांनी पुढे एक तपशील मांडला: गेम सुरू करायला डब्यात दिलेल्या कोडची मुदत २०९९ पर्यंत आहे असं लिहिलेलं होतं. कंपनीचा बचाव अपेक्षित होता. तुम्हाला परवाना दिला होता, मालकी नाही, आणि तशी सूचना डब्यावर होती. दोन्ही बाजूंची वाक्यं शेजारी ठेवली की सामान्य ग्राहकाच्या मनात काय येतं आणि करारात काय असतं, यातलं अंतर डोळ्यांना दिसतं.

या अंतरावर बोट ठेवणारी मोहीम रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली. नाव 'स्टॉप किलिंग गेम्स'. मोहिमेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज ती काय मागते याबद्दलच आहेत, म्हणून ते नीट सांगतो. कंपन्यांनी सर्व्हर जन्मभर चालवावेत, अशी मागणी नाही. गेमचा मूळ कोड फुकट वाटावा, हीही नाही. फुकट गेम विकत घेतलेल्या गेमसारखेच मानावेत, असंही नाही; पण त्यांच्यात पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंचा प्रश्न मात्र त्यात येतो. मागणी एवढीच: ज्या गेमसाठी पैसे घेतले, त्याचा पाठिंबा काढून घ्यायची वेळ आली की तो कंपनीच्या मदतीशिवाय चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. एकट्याचा भाग ऑफलाइन करा, किंवा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर उभारता येईल एवढी सोय द्या.

युरोपियन युनियनमध्ये नागरिकांना सह्या गोळा करून युरोपियन आयोगापुढे विषय नेता येतो. एका वर्षात दहा लाख सह्या लागतात, आणि किमान सात देशांत ठरलेला कोटाही पूर्ण व्हावा लागतो. या मोहिमेच्या सह्या ३१ जुलै २०२४ ला सुरू झाल्या. सुरुवातीची लाट ओसरल्यावर आकडा महिनोन्‌महिने साडेचार लाखांच्या आसपास रेंगाळला. एका लोकप्रिय स्ट्रीमरने, म्हणजे इंटरनेटवर थेट गेम खेळून दाखवणाऱ्याने, मोहिमेवर कडक टीका केली होती आणि तीच ऐकून पुष्कळांनी तिच्याकडे पाठ फिरवली. जून २०२५ च्या शेवटी स्कॉटने जवळजवळ हार मानल्याचा व्हिडिओ टाकला, आणि त्यात टीकेतल्या चुका एकेक करून दाखवल्या. मग जे झालं ते पाहायला मिळालं याचा मला अजूनही आनंद आहे. मोठे यूट्यूबर जागे झाले आणि ३ जुलै २०२५ ला दहा लाखांचा आकडा ओलांडला गेला. मुदत संपली तेव्हा साडेचौदा लाखांच्या घरात सह्या होत्या. तपासणीत त्यातल्या सुमारे १२ लाख ९० हजार वैध ठरल्या. ब्रिटनमध्ये वेगळ्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ३ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या संसदेत चर्चा झाली. सरकारने मात्र ग्राहक कायदा बदलायचा विचार नसल्याचं सांगितलं.

कंपन्यांचं म्हणणं ऐकायला हवं, कारण ते सगळंच बनावट नाही. युरोपातल्या गेम उद्योगाच्या संघटनेने जुलै २०२५ मध्ये आपली बाजू मांडली. खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर शिवीगाळ, बेकायदा मजकूर, लोकांची वैयक्तिक माहिती यांवर कोण लक्ष ठेवणार, हा त्यांचा पहिला मुद्दा. अनेक गेम मुळातच ऑनलाइन म्हणून बांधलेले असतात, ते उलगडून पुन्हा बांधणं फार खर्चाचं आहे, हा दुसरा.

दुसरा मुद्दा जड आहे. आजचा मोठा ऑनलाइन गेम म्हणजे एक सर्व्हर नव्हे. ओळख तपासणारी एक सेवा, खेळाडूंच्या जोड्या लावणारी दुसरी, वस्तूंचा साठा सांभाळणारी तिसरी, पैशांची चौथी. यातल्या काही दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या असतात. भाड्याचा भाग खेळाडूंना वाटून टाकायचा हक्क गेम कंपनीला नसतो. दहा वर्षांपूर्वीचा असा गेम आज सोडवून द्या म्हटलं तर अभियंते खरंच महिनोन्‌महिने अडकतील, आणि ते लिहिणारे लोक एव्हाना दुसरीकडे गेलेले असतील.

पण मोहीम जुन्या गेमसाठी नियम मागत नाही, पुढे येणाऱ्यांसाठी मागते. आणि सगळा फरक इथे आहे. इमारत बांधून झाल्यावर आगीच्या वेळी उतरायचा जिना बसवणं महाग पडतं. नकाशातच तो काढलेला असेल तर खर्च थोडा येतो. शेवट कसा करायचा हे पहिल्या महिन्यात ठरलेलं असेल, तर भाड्याचे भाग वेगळे काढता येण्याजोगे ठेवता येतात. शिवाय गेम तयार होत असताना अभियंते तो स्वतःच्या टेबलावर चालवून पाहतच असतात. त्यासाठी आतल्या आत छोटा सर्व्हर अनेकदा असतोच.

लोकांवर लक्ष ठेवण्याचा मुद्दा मला पटत नाही. सायबर कॅफेच्या लॅनवर शिव्या कमी नव्हत्या. त्या वेळी जबाबदार होता तो खेळणारा आणि फार तर कॅफेचा मालक. गेम लिहिणाऱ्या कंपनीला कुणी विचारायला गेलं नाही. खासगी सर्व्हर चालवणाऱ्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायला कायद्यात जागा आहे.

एका गोष्टीची गल्लत वारंवार होते, ती इथेच निस्तरू. गाड्यांची नावं आणि गाणी यांचे करार ठरावीक वर्षांचे असतात. ते संपले की गेमची विक्री थांबवावी लागते. 'फोर्झा होरायझन ४' याच कारणाने १५ डिसेंबर २०२४ ला दुकानांतून काढला गेला. पण ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांच्याकडे तो पुढेही चालू राहिला. विक्री थांबणं आणि घेतलेला गेम मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीचं कारण दाखवून दुसरीचं समर्थन होत नाही.

नीट निरोप देणं जमतं, याचे दाखलेही आहेत. 'नॉकआउट सिटी' हा चेंडू फेकाफेकीचा गेम जून २०२३ मध्ये बंद झाला. तो बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओने जाताना खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. सोनीच्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला थांबले, पण त्याआधी एक अपडेट देऊन एकट्याने खेळायचा भाग आणि जमवलेल्या गाड्या ऑफलाइन राहतील याची सोय झाली. हाही मोटार शर्यतींचाच गेम आणि दोन महिन्यांच्या फरकाने बंद झालेला, म्हणून 'द क्रू'शी तुलना टाळता येत नाही. 'सिटी ऑफ हीरोज'ची गोष्ट आणखी वेगळी. २०१२ मध्ये तो बंद झाला, चाहत्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर सर्व्हर चालवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टने चाहत्यांच्या एका गटाला रीतसर परवानाच दिला. मालकी कंपनीकडेच राहिली, खेळ लोकांकडे आला, कुणाचं काही बिघडलं नाही.

हे सगळं एवढं मनाला का लावून घ्यायचं, असं कुणी विचारलं तर मी पुण्याकडे बोट दाखवतो. १९६४ मध्ये तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. तोवर फार उशीर झाला होता. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण उरलेला नाही. मुद्दाम कुणी ते नष्ट केलं असं नाही. खेळ संपला, कमाई झाली, रिळं कुठेतरी पडून राहिली, कारण ती जपायची गोष्ट आहे असं त्या वेळी फारसं कुणाला वाटलं नाही. गेम आज नेमके त्या टप्प्यावर आहेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की २०१० च्या आधी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांसाठी दुरून उघडून दाखवता यावेत, अशी विनंती होती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. रिळ निदान पेटीत सापडण्याची आशा असते. ज्याचा अर्धा भाग सर्व्हरवर होता, तो गेम सर्व्हर पुसल्यावर कुठल्याच माळ्यावर सापडणार नाही.

आपल्याकडे बहुतेक लोक फोनवर आणि फुकट खेळतात, म्हणून हा श्रीमंत देशांचा प्रश्न वाटू शकतो. तो तसा नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हर थांबले. बंदीचं कारण वेगळं, तिचा या मोहिमेशी संबंध नाही. पण पोशाखांवर आणि बंदुकांच्या रंगांवर पॉकेटमनी खर्च केलेल्या मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की खात्यातली वस्तू दुसऱ्या कुणाच्या यंत्रात असते. पुढे २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती 'बीजीएमआय' आली तेव्हा जुनी माहिती नव्या खात्यात आणायची सोय दिली गेली, म्हणून अनेकांचं वाचलं. ती सोय कंपनीने दिली, म्हणून मिळाली. मागायचा हक्क नव्हता.

भारतात या विषयाला धरून उभं राहायला जागा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' ही कल्पना आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायचा अधिकार देणारी अट त्या व्याख्येत बसते. आपण न वाचता मान्य केलेल्या त्या लांबलचक करारातली परवाना काढून घेण्याची ओळ या कसोटीला उतरते का, हे कोर्टात विचारण्याजोगं आहे. शिवाय गेम बांधणारे हातही आता इथले आहेत. युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, नंतर मुंबईतही झाला. शेवटाची सोय आराखड्यातच करायचा नियम झाला, तर ते काम करणाऱ्यांत मराठी मुलं-मुली असतील.

तोवर घेताना काही गोष्टी पाहता येतात. पीसीच्या गेमच्या पानावर 'एकट्याने खेळता येतो' असं असूनही 'इंटरनेट सतत लागेल' असं लिहिलेलं आहे का, ते वाचा. दुकानाच्या खात्याशिवाय गेम कंपनीचं दुसरं खातं उघडायची सक्ती असेल तर सावध व्हा. जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात इन्स्टॉल करायची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. डबा हातात आला म्हणजे गेम हातात आला, असंही समजू नका. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या गेम खेळायच्या यंत्रासाठीच्या काही डब्यांमधल्या कार्डावर गेम नसतोच, फक्त तो डाउनलोड करायची किल्ली असते. डब्यावर तसं छापलेलं असतं, ते पाहून घ्या.

'द क्रू'चं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बोंब झाल्यावर युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन सोय देणार असल्याचं जाहीर केलं. आधी अशक्य कोटीतलं वाटणारं काम मनावर घेतल्यावर कामाच्या यादीत आलं. पहिल्या गेमसाठी मात्र कंपनीने काही केलं नाही. ते चाहत्यांनी केलं. सर्व्हर बंद व्हायच्या आधी त्यांनी गेम आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणं चालतं ते नोंदवून ठेवलं होतं. त्यावरून गिरणीची रचना ओळखत ओळखत त्यांनी स्वतःचा सर्व्हर लिहिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'द क्रू अनलिमिटेड' या नावाने तो सगळ्यांना खुला केला. न्यूयॉर्कहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पुन्हा जाता येतं, एकट्यानेही. पण ते फक्त पीसीवर. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी डबे घेतलेल्यांच्या डिस्का अजून तशाच बंद आहेत.